एका गुरूचे स्वरचित्र

सन १९६१ च्या डिसेंबर महिन्याच्या १७ तारखेस पॅरिस शहरातील एका ध्वनिमुद्रणगृहात तीन वादक एकत्र आले. पियानोवर बड पॉवेल होता, डबल बेसवर पिएर मिशलो आणि ड्रमवर केनी क्लार्क. मिशलो हा तेथलाच, फ्रेंच. उरलेले दोघे कृष्णवर्णीय अमेरिकन; आपला देश सोडून पॅरिसमध्ये बिऱ्हाड थाटून राहिलेले. ध्वनिमुद्रणाची व्यवस्था पाहणारा गृहस्थही एक नामांकित अमेरिकन वादकच होता, त्याचे नाव कॅननबॉल अ‍ॅडर्ली. त्या दिवशी जे वाजविले गेले त्याची तबकडी पुढे १९६५ साली कोलंबिया कंपनीने बाजारात आणली. तिला नाव दिले होते ‘अ पोर्ट्रेट ऑफ थेलोनियस’, म्हणजे थेलोनियसचे व्यक्तिचित्र.

ज्याचे चित्र काढावयाचे तो त्या खोलीत नव्हता. चित्रकार आठवणीवरून चित्र काढीत होता, आणि ती आठवण वीस वर्षांची होती. त्या वीस वर्षांची हकिकत मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

जॅझ हा शब्द आपल्या श्रोत्यांना अगदीच परका नसावा. गोव्यातील गावोगावच्या चर्चच्या शाळांतून सोल्फेज व व्हायोलिन शिकून मुंबईच्या हॉटेलांतील आणि पुढे चित्रपटांतील वाद्यवृंदांत गेलेल्या वादकांनी तो आपल्या घरांपर्यंत आणून सोडला आहे. तथापि हॉटेलात नाचासाठी वाजविला जाणारा जॅझ वेगळा आणि ज्याविषयी मी बोलत आहे तो वेगळा. पियानो, डबल बेस आणि ड्रम अशा तिघांच्या मेळाला ‘ट्रिओ’ म्हणतात. ह्यात लपावयास जागा नसते. डबल बेस हे व्हायोलिनच्या कुळातले सर्वांत मोठे वाद्य. ते पुष्कळदा गजाने न वाजविता बोटांनी छेडतात, आणि त्याने स्वरमेळाचा पाया सांभाळावयाचा. ड्रमवाल्याने काळ सांभाळावयाचा. बाकी सगळा भार पियानोवाल्याच्या दहा बोटांवर. आधी मूळ रचना वाजवावयाची, मग तिच्या स्वरमेळांची चौकट तीच ठेवून त्या चौकटीत आयत्या वेळी नवी सुरावट रचीत जावयाचे, आणि अखेर पुन्हा मूळ रचनेवर यावयाचे. बंदिश मांडून तिचा विस्तार करणाऱ्या आपल्या गायकाला ही रीत समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता ज्याचे चित्र काढले गेले त्याच्याकडे वळू. थेलोनियस मंक ह्याचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ रोजी उत्तर कॅरोलायना राज्यातील रॉकी माउंट ह्या गावी झाला. मंक म्हणजे मठवासी संन्यासी. हे आडनाव त्याच्या घराण्यात गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेले होते. परंतु पुढे पुढे त्याचे ते मौन, त्या चित्रविचित्र टोप्या आणि जगापासून चार पावले दूर उभे राहण्याची ती तऱ्हा पाहून लोकांना ते नाव मुद्दाम निवडल्यासारखे वाटू लागले. १९२२ मध्ये आईने मुलांना घेऊन न्यूयॉर्क गाठले व मॅनहॅटनच्या पश्चिम भागात ६३ व्या रस्त्यावर घर केले. त्या परिसरातच मंकचे बहुतेक आयुष्य गेले. चांगल्या विद्यार्थ्यांसाठी नावाजलेल्या स्टायव्हसंट हायस्कुलात त्याला प्रवेश मिळाला होता, पण शाळा त्याने अर्धवट सोडली. आम्हां शिक्षकांना अशी उदाहरणे सांगताना जरा संकोच होतो. पण ती सांगितली पाहिजेत. किशोरवयातच तो एका फिरत्या धर्मोपदेशिकेच्या मंडळीबरोबर गावोगाव हिंडला आणि तिच्या सभांतून भक्तिगीतांना साथ करीत राहिला. त्याच्या पुढच्या वादनातील जड, ठाम, पाऊल आपटल्यासारखा डावा हात कोठून आला, हे शोधणाऱ्याने ह्या प्रवासाकडेही पाहावे.

हार्लेम ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ११८ व्या रस्त्यावर ‘मिंटन्स प्लेहाउस’ नावाचे एक मद्यगृह होते. १९४० नंतर तेथे ज्या वादकांना कायमचे नेमले गेले त्यांत ड्रमवर केनी क्लार्क होता आणि पियानोवर मंक. नेहमीची कामे आटोपली की शहरातील वादक रात्री उशिरा तेथे जमत आणि एकमेकांची परीक्षा पाहत. लांबलांबचे अनोळखी स्वरमेळ, वेगवान सुरावटी, ताल मोडल्यासारखा वाटणारा परंतु मुळीच न मोडणारा ड्रम, असे जे नवे संगीत तेथे घडले त्याला पुढे ‘बेबॉप’ हे नाव मिळाले. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी ही त्यांतली जगाला ठाऊक झालेली नावे. परंतु रोज रात्री पियानोपाशी बसून ज्याने त्या संगीताचे व्याकरण बांधले तो मंक होता, आणि त्याच्या शेजारी ड्रमवर क्लार्क होता. ‘एपिस्ट्रॉफी’ ही रचना तर ह्या दोघांनी मिळूनच केली. पॅरिसच्या त्या ध्वनिमुद्रणगृहात वीस वर्षांनी ड्रमवर जो बसला तो हाच माणूस.

ह्या मद्यगृहात एक पोरसवदा मुलगा येऊ लागला. अर्ल ‘बड’ पॉवेल हा २७ सप्टेंबर १९२४ रोजी हार्लेममध्येच जन्मला. मंकपेक्षा सात वर्षांनी लहान. बाप स्वतः पियानो वाजवीत असे, आणि मुलाला लहानपणापासून बाख, शोपँ इत्यादिकांचे शिस्तशीर शिक्षण मिळाले होते. तेथील वादकांना हा पोर आपल्या पंक्तीला नको होता. मंकने मात्र त्याला पियानोवर बसू द्यावे असा आग्रह धरला व तो तडीस नेला. पुढे मंकच्या घरी जाऊन त्याच्या रचना पियानोवर बसविणाऱ्या तरुणांत बड हा अग्रभागी होता. ही शाळा कोणी काढलेली नव्हती आणि फी कोणी घेत नव्हते. मंक फारसे बोलत नसे. तो वाजवून दाखवी आणि समोरच्याला ते सापडेपर्यंत थांबे.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. गुरू आणि शिष्य ह्यांच्या वादनात कमालीचा फरक होता. बडच्या उजव्या हातातून सुरावटी झऱ्यासारख्या वाहत, आणि त्यांचा वेग व त्यांची वळणे थेट चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनची आठवण करून देत. डावा हात मधूनमधून दोन-तीन स्वरांचा आधार देई, इतकेच. मंकचे सारे उलट. तो बोटे सपाट ठेवून वाजवी, लगतचे दोन स्वर एकदम दाबून त्यांचा कर्कश घाव घाली, आणि मग चक्क थांबे. त्या थांबण्याला त्याच्या संगीतात स्वराइतकीच किंमत होती. त्या काळच्या पुष्कळ ऐकणाऱ्यांना, अगदी जाणत्यांनाही, वाटे की ह्या माणसाला पियानो वाजविताच येत नाही. बडची मात्र सर्वत्र वाहवा होत होती. आपल्याकडे शिष्याच्या गळ्यातून गुरूची गायकी ऐकू आली की आपण माना डोलवितो. जॅझमध्ये दुसऱ्याचा आवाज काढणे हा दोष समजतात. तेव्हा बड मंकसारखा वाजवीत नव्हता ह्यात त्याने गुरूचा धडा नाकारला असे काही नव्हते.

शिष्याने पहिले ऋण लवकरच फेडावयास घेतले. १९४४ साली बड हा ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्स ह्याच्या वाद्यवृंदात होता. वय अवघे १९; विल्यम्सने त्याचे कायदेशीर पालकत्व पत्करले होते. मंकने रचलेली ‘राउंड मिडनाइट’ ही रचना तेव्हा वादकांच्या कंपूबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. बडने विल्यम्सच्या मागे लागून ती त्याच्याकडून वाजवून घेतली, आणि २२ ऑगस्ट १९४४ रोजी तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. आज ही जॅझमधली सर्वांत अधिक वेळा ध्वनिमुद्रित झालेल्या रचनांपैकी एक समजली जाते. तिच्या रचनाकारांत मंकबरोबर विल्यम्सचेही नाव लागले, आणि पुढे गीताचे शब्द लिहिणाऱ्याचेही. म्हणजे एका गरीब पियानोवाल्याच्या मिळकतीला दोन वाटेकरी झाले. त्या धंद्यात ही रीतच होती. शिष्याने गुरूच्या रचनेला वाट करून दिली, एवढे मात्र खरे.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, १९४५ च्या जानेवारीत, फिलाडेल्फिया शहरात पोलिसांनी बडला डोक्यावर बेदम मारले. तो आजारी पडला, डोकेदुखी जडली, इस्पितळात राहावे लागले. ह्यानंतरचे त्याचे आयुष्य म्हणजे अलौकिक वादन आणि मनोरुग्णालय ह्यांच्यातील येरझारा आहेत. मार हेच त्याच्या मानसिक विकाराचे एकमेव कारण होते असे ठामपणे म्हणणे मला योग्य वाटत नाही. परंतु मारापूर्वीचा बड आणि नंतरचा बड असे दोन भाग त्याला ओळखणाऱ्यांनी नेहमीच केले.

१९४७ हे साल आपण नीट ध्यानात ठेवू, कारण पॅरिसच्या तबकडीची किल्ली त्यात आहे. त्या वर्षीच्या १० जानेवारीस बडने कर्ली रसेल व मॅक्स रोच ह्यांच्या साथीने आपल्या पहिल्या ट्रिओचे ध्वनिमुद्रण केले. त्यात ‘ऑफ मायनर’ ही मंकची रचना होती. मंकच्या स्वतःच्या नावाने तोवर एकही तबकडी निघालेली नव्हती! गुरूची रचना शिष्याने नऊ महिने आधी ध्वनिमुद्रित केली. मग त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ब्लू नोट कंपनीने मंकला बोलाविले, आणि १५ ऑक्टोबर, २४ ऑक्टोबर व २१ नोव्हेंबर अशा तीन दिवशी त्याची ध्वनिमुद्रणे झाली. मंक त्या वेळी ३० वर्षांचा होता. वर्षानुवर्षे साठलेल्या रचना त्याने ह्या तीन दिवसांत मोकळ्या केल्या.

ह्यांतल्या शेवटच्या दिवशी मंकने वाजविलेल्या रचनांत एक होती ‘इन वॉक्ड बड’. नावाचा अर्थ असा की, ‘आणि बड आत आला’. अर्व्हिंग बर्लिनच्या ‘ब्लू स्काइज’ ह्या लोकप्रिय गीताची स्वरमेळांची चौकट घेऊन मंकने तीवर आपली सुरावट उभी केली व ती शिष्याला वाहिली. गुरूने शिष्याला रचना अर्पण करणे ही गोष्ट कोणत्याही संगीतपरंपरेत थोडी उलट्या बाजूची आहे. परंतु मंकला ती स्वाभाविक वाटली असावी. त्या मद्यगृहाच्या दारातून आत येणारा पोर त्याने नावासकट स्वरांत नोंदवून ठेवला. दुर्दैव असे की ह्याच नोव्हेंबर महिन्यात हार्लेममधल्या एका मद्यगृहातील भांडणात बडच्या डोळ्यावर बाटली बसली आणि तेथून त्याची रवानगी अखेर क्रीडमूर येथील मनोरुग्णालयात झाली. तेथे तो ११ महिने होता. विजेचे झटके देण्याचे उपचार त्याच्यावर करण्यात आले.

तेथून सुटल्यावर त्याने जे वाजविले त्याने तज्ज्ञही थक्क झाले. १९५१ च्या मे महिन्यात त्याने रसेल व रोच ह्यांच्याच साथीने ‘उन पोको लोको’ ध्वनिमुद्रित केले. आजही पियानोचे विद्यार्थी ते ऐकून हात टेकतात. आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ती घटना घडली, जिच्यामुळे ह्या दोघांतील नाते केवळ संगीताचे राहिले नाही.

न्यूयॉर्कमध्ये उभ्या असलेल्या एका मोटारीत मंक व बड बसले होते. पोलिसांनी झडती घेतली आणि मादक द्रव्याची पुडी सापडली. ती बडची होती असे मंकचे चरित्रकार सांगतात. मंकला विचारणा झाली. त्याने बडचे नाव सांगितले नाही. सांगितले असते तर तो मोकळा सुटण्याचा संभव होता. घरी बायको नेली होती आणि दोन वर्षांचाही न झालेला मुलगा होता. मंकने साठ दिवस तुरुंगात काढले.

साठ दिवसांनी हे प्रकरण संपले असते तर ते मी इतके विस्ताराने सांगितले नसते. त्या काळी न्यूयॉर्क शहरात असा नियम होता की, जेथे दारू मिळते अशा ठिकाणी वाजविणाऱ्या किंवा गाणाऱ्या प्रत्येकाजवळ पोलिसांनी दिलेले ‘कॅबरे कार्ड’ हे ओळखपत्र असले पाहिजे. हे कार्ड काढून घेतले की त्या शहरातील सगळ्या नामांकित क्लबांची दारे बंद. अपील करण्याची सोय नावापुरती होती. १९६७ साली हा नियम रद्द झाला, पण तोवर बिली हॉलिडेसारख्या श्रेष्ठ गायिकेसह कित्येकांची रोजी त्याने हिरावून घेतली होती. मंकचे कार्ड गेले, आणि १९५७ पर्यंत ते त्याला परत मिळाले नाही. वयाच्या ३३ पासून ३९ पर्यंतचा काळ. कलावंताच्या आयुष्यातली ऐन भराची वर्षे. आपल्याच शहरात त्याला आपले वाद्य क्लबात वाजविण्याची बंदी होती. तबकड्या निघत, बाहेरगावी एखादा कार्यक्रम होई, ब्रूक्लिन किंवा ब्राँक्सकडच्या आडबाजूच्या ठिकाणी चोरूनमारून वाजविणे होई; घर बऱ्याच अंशी नेलीच्या नोकरीवर चालले. ह्याच वर्षांत मंकने घरात बसून रचना केल्या, आणि १९५६ ची ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ही अतिशय अवघड रचना त्यांपैकीच आहे. विपत्तीतून कला जन्मते, असे म्हणून ह्या वर्षांची भरपाई करू पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. रोज रात्री ऐकणाऱ्यांसमोर वाजविण्यातून जे घडले असते ते घडलेच नाही, आणि ते काय असते हे कोणी सांगू शकत नाही.

मंकने गप्प राहण्यात योग्य केले काय? वर्गात हा प्रश्न टाकला तर मुलांत दोन तट पडतील. सत्य सांगणे हे कर्तव्य, असे एक म्हणेल; मित्राला पकडून देणे हे पाप, असे दुसरा म्हणेल. नेली मंकला हा प्रश्न कोणी विचारला असता तर तिचे उत्तर कदाचित ह्या दोहोंहून वेगळे आले असते, कारण सहा वर्षे घर चालविण्याचे ओझे तिच्या खांद्यावर पडले. शिवाय ज्याच्यासाठी हे मौन पाळले गेले तो काही वाचला नाही. अटकेनंतर बडला पुन्हा मनोरुग्णालयात टाकण्यात आले व तो १९५३ मध्ये बाहेर आला. मला स्वतःला असे वाटते की मंकने काही हिशेब केलाच नसावा. ज्या मुलाला आपण दारातून आत घेतले त्याला आपण होऊन दाराबाहेर कसे लोटावयाचे, एवढाच प्रश्न त्याच्यासमोर असावा.

बडनेही पुढे सरळ दिवस पाहिले नाहीत. १९५३ च्या मे महिन्यात टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, मिंगस व रोच ह्यांच्याबरोबर तो वाजवून गेला. १९५६ मध्ये त्याचा धाकटा भाऊ रिची, तोही पियानोवादक, मोटार अपघातात दगावला. औषधांमुळे बोटे जड होत होती. दारूचा एक पेलाही त्याला सोसत नसे. कधी रात्र साधे, कधी पार फसे. १९५९ साली तो पॅरिसला गेला. तेथील लोकांनी त्याला आदराने ऐकले, आणि क्लार्क तेथे १९५६ पासूनच होता. मिशलोला घेऊन ह्या दोघांचा जो ट्रिओ झाला तो पॅरिसच्या ब्लू नोट क्लबात रात्रीमागून रात्री वाजवीत असे.

आता त्या तबकडीकडे येऊ. तीत एकंदर आठ रचना आहेत, आणि त्यांतल्या चारच मंकच्या: ‘ऑफ मायनर’, ‘रूबी, माय डिअर’, ‘थेलोनियस’ आणि ‘मंक्स मूड’. अर्ध्याच तबकडीवर गुरू आहे आणि नाव मात्र सगळ्या तबकडीला त्याचे, ह्याबद्दल कोणी तक्रार केली तर ती रास्त आहे. परंतु ह्या चार रचनांची तारीखवारी पाहिली की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ‘थेलोनियस’ मंकने ध्वनिमुद्रित केली १५ ऑक्टोबर १९४७ रोजी. ‘ऑफ मायनर’ व ‘रूबी, माय डिअर’ २४ ऑक्टोबरला. आणि ‘मंक्स मूड’ २१ नोव्हेंबरला. चारही रचना त्या एकाच शरद ऋतूतल्या, तीन दिवसांतल्या. १९४७ ते १९६१ ह्या चौदा वर्षांत मंकने किती रचना केल्या! ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ आहे, ‘पॅनोनिका’ आहे, ‘स्ट्रेट, नो चेझर’ आहे. त्यांतली एकही बडने घेतली नाही. त्याने जो मंक वाजविला तो मद्यगृहातला व घरच्या पियानोपाशी बसलेला मंक आहे. मारापूर्वी आणि इस्पितळांपूर्वी, त्याच्या स्वतःच्या बोटांत मुरलेला. माणसाला आपल्या शिक्षकाची जी आठवण राहते ती बहुधा त्याच्या शेवटच्या पुस्तकाची नसते.

वादनाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘थेलोनियस’ ही रचना म्हणजे एक कोडेच आहे. तिची सुरावट जवळजवळ एकाच स्वरावर उभी आहे. तो स्वर पुन्हा पुन्हा वाजतो आणि त्याखालचे स्वरमेळ एकामागून एक बदलत जातात. आपल्याकडे षड्ज स्थिर ठेवून वर राग फुलतो. येथे वरचा स्वर स्थिर आहे, आणि पायच चालत आहेत. बडसारख्या, सुरावटींची रास ओतणाऱ्या वादकाला अशा रचनेत काही करावयास जागाच नाही, असे वाटावे. पण १९६१ चा बड ती भरून काढावयास धावत नाही. तो स्वर ठेवतो आणि थांबतो. ‘मंक्स मूड’ व ‘रूबी, माय डिअर’ ह्या संथ रचनांत तर स्वरमेळ इतके जड, इतके सावकाश पडतात की क्षणभर वाटते, हा मंकच वाजवीत आहे. मधूनच बडचे ते ओळखीचे गुणगुणणे कानी येते, आणि भ्रम फिटतो.

‘ऑफ मायनर’ची दोन ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकली तर अंतर फारच स्पष्ट कळते. १९४७ चे वादन जुन्या तबकडीच्या तीन मिनिटांच्या मर्यादेत बसविलेले आहे. २२ वर्षांचा बड तेथे गुरूच्या चौकटीतून आपली सुरावट विजेसारखी फिरवून दाखवितो. गुरू फक्त चौकटीत आहे. १९६१ मध्ये वेळेची घाई नाही. वाक्ये तुटक आहेत, मधल्या जागा मोकळ्या आहेत, लगतच्या स्वरांचे ते कर्कश घाव पडत आहेत. कित्येक टीकाकारांनी ह्या काळातील बडच्या वादनाला उतरती कळा म्हटले, आणि वेगापुरते ते खोटे नाही. ३७ व्या वर्षी त्याचे हात पूर्वीचे राहिले नव्हते. पण जे हात मंद झाले होते त्यांना मंकचे संगीत अधिक जवळचे झाले होते. ज्या मंकला लोक ‘ह्याला वाजविता येत नाही’ म्हणून हसत, त्याचे संगीत बोटांच्या वेगावर कधी अवलंबूनच नव्हते. तारुण्यात शिष्याने आपला स्वतंत्र आवाज राखला, आणि उत्तरवयात गुरूचा आवाज आपल्या हातात येऊ दिला. ह्यात किती हेतुपुरस्सर होते आणि किती आजाराने केले, हे वेगळे काढता येणार नाही असे मला वाटते.

आणि क्लार्कचा ड्रम! तो ऐकताना लक्षात येते की ह्या खोलीत मंकला ओळखणारा बड एकटाच नाही. ह्या रचना कोठे वळतात, कोठे अडखळल्याचा बहाणा करतात, हे क्लार्कला मिंटन्सपासून ठाऊक आहे. तो कोठेही पुढे येत नाही. झांजेवर सारखी धरलेली लय आणि मधूनच एखादा टोला. मिशलोने मिंटन्स पाहिलेले नव्हते. त्या दोघांच्या आठवणीखाली जमीन धरून राहणे एवढेच काम त्याने केले, आणि ते चोख केले.

तबकडी चार वर्षे पडून राहिली. मधल्या काळात मंकचे नशीब पालटले होते. १९६२ साली तो स्वतः कोलंबिया कंपनीकडे आला, आणि २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले. तो मान तोवर फार थोड्या जॅझ वादकांना मिळाला होता. बडला १९६३ मध्ये क्षय झाला. फ्रान्सिस पॉद्रा नावाच्या एका तरुण फ्रेंच चाहत्याने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले व त्याची शुश्रूषा केली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये बड न्यूयॉर्कला परतला, आणि मग परत पॅरिसला गेलाच नाही. तबकडी बाजारात आल्यावर एकच वर्षाने, ३१ जुलै १९६६ रोजी, तो वारला. वय ४१.

१९६८ साली मंकची ‘अंडरग्राउंड’ ही तबकडी निघाली. तीत एका रचनेला शब्द आहेत, आणि ते जॉन हेंड्रिक्स ह्या गायकाने लिहून गायिले आहेत. रात्री उशिरा जमलेले वादक, त्यांची नावे, मंक पियानोवर, आणि मग दारातून आत येणारा एकजण, असे त्या गीताचे वर्णन आहे. रचना १९४७ चीच होती, ‘इन वॉक्ड बड’.

मंक १७ फेब्रुवारी १९८२ रोजी वारला. अखेरची काही वर्षे त्याने पियानोला हातही लावला नव्हता. केनी क्लार्क १९८५ मध्ये पॅरिसजवळ वारला. त्याच्या पुढच्या वर्षी बेर्त्रां ताव्हेर्निए ह्या फ्रेंच दिग्दर्शकाने पॅरिसमधील एका आजारी अमेरिकन वादकावर व त्याला सांभाळणाऱ्या तरुण चाहत्यावर चित्रपट काढला. कथेत वादक सॅक्सोफोन वाजविणारा असला, तरी ती बड आणि पॉद्रा ह्यांच्यावरूनच बेतली होती. चित्रपटाला नाव दिले ते मात्र मंकच्या रचनेचे, ‘राउंड मिडनाइट’. १९ वर्षांच्या बडने मालकाच्या मागे लागून प्रथम ध्वनिमुद्रित करविली होती तीच ही रचना. चित्रपटातील क्लबाच्या प्रसंगांत खरेखुरे वादक वाजविताना दिसतात. त्यांत डबल बेस घेऊन उभा असलेला एक प्रौढ फ्रेंच वादक आहे. तो पिएर मिशलो.